शॉकअप बदलले म्हणाले, नुसते रंगवले होते

गाडी २०१२ ची आय-ट्वेंटी, दीड लाख किलोमीटर केव्हाच ओलांडलेले. घर कासारवडवलीला, नोकरी रबाळे एमआयडीसीत. म्हणजे रोज घोडबंदर रोडचे खड्डे, मेट्रोच्या कामाशेजारचे उंचसखल पट्टे, पुढे कळवा-विटाव्याची गर्दी. अशा गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून खटखट आवाज यायला लागला, तर त्यात नवल काही नाही. पुढे जे झालं ते मात्र इतक्या सफाईने झालं की ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी वाचून ठेवावं.

आवाज नेमका कसा होता ते आधी सांगते, कारण सगळी मेख त्यातच आहे. गाडी हळू असताना, पेव्हर ब्लॉकवरून किंवा एकच चाक खड्ड्यात गेलं की खटखट. मोठ्या स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली, तर जवळजवळ काहीच नाही. गाडी उड्या मारत नव्हती, एका बाजूला ओढत नव्हती.

हेच मी घोडबंदर रोडलगतच्या एका चकाचक गॅरेजमध्ये सांगितलं. एसी वेटिंग रूम, कॉफी मशीन, भिंतीवर मोठा टीव्ही. गाडीपाशी जायचं म्हटलं तर ‘सेफ्टीमुळे कस्टमरला आत सोडत नाही’. थोड्या वेळाने सुपरवायझर मोबाइलवर फोटो घेऊन आला: शॉकअपवरून, म्हणजे खड्ड्यांचे धक्के जिरवणाऱ्या नळकांड्यावरून, तेलाचा ओघळ.

‘मॅडम, पुढचे दोन्ही शॉकअप गेलेत. लोअर आर्म पण गेलेत. रॅकमध्येही प्ले आहे. हायवेला चाक निखळलं तर काय करणार?’

लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, रॅक म्हणजे स्टेअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारा भाग, आणि प्ले म्हणजे सैलपणा. चाक निखळण्याचं नाव काढलं की घासाघीस करायला माणसाची जीभ रेटत नाही. या धंद्यातलं ते हुकमी वाक्य असावं. रॅकचं पुढच्या सर्व्हिसला बघू असं ठरलं. दोन शॉकअप, दोन लोअर आर्म, ‘लिंक किट’ आणि मजुरी मिळून सत्तावीस हजार झाले. जीएसटी वाचतो म्हणून कच्चं बिल त्यांनीच सुचवलं. संध्याकाळी गाडी मिळाली ती एकदम शांत. जुने पार्ट मी आवर्जून मागितले होते. तेही तेलकट गोणीत बांधून डिकीत ठेवलेले. तक्रारीला जागाच नव्हती.

पावसाळ्यात तसाच आवाज उजवीकडून सुरू झाला. या वेळी गाडी कळव्याला माहेरच्या ओळखीतल्या जुन्या मेकॅनिककडे नेली. त्यांच्याकडे लिफ्ट नाही, गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा आहे. त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे डिकीतला जॅक, पाना आणि ती गोणी बाहेर काढली. ‘ताई, निम्मे आवाज डिकीतच असतात.’ मग स्वतः गाडी चालवून बघितली. ब्रेकवर हलका पाय ठेवून पेव्हरवरून नेली, कारण ब्रेक पॅड सैल असतील तर तेव्हा आवाज थांबतो. उभ्या गाडीत मला स्टेअरिंग फिरवायला लावून स्प्रिंगवर हात ठेवला. वरचं माउंटिंग किंवा त्याचं बेअरिंग गेलं असेल तर स्प्रिंग अडकून झटक्याने सुटते आणि ते हाताला कळतं. तिथेही काही नव्हतं.

मग पुढची दोन्ही चाकं एकदम उचलली. हे दोन्ही एकदम फार महत्त्वाचं, आणि का ते त्यांनी मला समजावलं. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा स्टॅबिलायझर बार असतो आणि त्याची टोकं शॉकअपला जोडतात त्या लिंक रॉड. एकच चाक उचललं की बार पिळला जातो, लिंक ताणली जाते आणि तिच्यातला प्ले लपतो. दोन्ही चाकं सारखीच लोंबत असली तर लिंक हाताने हलवता येते. त्यांनी माझा हात तिथे नेला. उजवी लिंक बोटांत खुळखुळत होती. डावी कोरी करकरीत, रबर बूटही नवं.

म्हणजे आधीच्या गॅरेजने डावी लिंक खरोखर बदलली होती आणि आवाज तेवढ्यानेच थांबला होता. स्पीडब्रेकरवर आवाज का नव्हता याचंही उत्तर तेच: दोन्ही चाकं एकत्र उचलली की बार पिळला जातच नाही. माझं वर्णन ऐकूनच त्या गॅरेजवाल्यांना रोग कळला असणार. म्हणूनच हे जास्त लागलं. ती चूक नव्हती, हिशोब होता. हा पार्ट फार तर हजाराच्या घरातला!

बाकीच्या पार्टांचं काय? शॉकअप काळे कुळकुळीत दिसत होते. मेकॅनिकनी टॉर्च जवळ धरून स्क्रू ड्रायव्हरने जरा खरवडलं. काळ्या रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली जुना गंज. रंगाचे शिंतोडे स्प्रिंगच्या खालच्या वेढ्यावर आणि शेजारच्या ब्रेक होजवरही होते. शॉकअप ज्या दोन मोठ्या बोल्टने खाली नकलला, म्हणजे चाक धरणाऱ्या भागाला, बसतो, त्यांच्या आट्यांत वर्षानुवर्षांचा चिखल जसाच्या तसा. पाना लागला असता तर कडा चमकल्या असत्या. लोअर आर्म ग्रीसने पुसून काढलेले, त्यांच्या बुशला, म्हणजे सांध्यातल्या रबराला, मागून तडे. गोणीतला ‘माझा’ जुना लोअर आर्म गाडीतल्या आर्मशेजारी धरला तर लांबीच जुळेना. दुसऱ्याच कुठल्या गाडीचा. जुने पार्ट परत मागा, हा सल्ला सगळेच देतात. पण असली गोणी गॅरेजवाल्याकडे तयार असेल तर त्या सल्ल्याचा उपयोग शून्य. आता मी गाडी सोडण्याआधी बोनेट उघडून शॉकअपच्या वरच्या नटांना नेलपॉलिशचा ठिपका देते आणि फोटो काढून ठेवते. नट खोलल्याशिवाय शॉकअप निघत नाही.

तो तेलाचा फोटो अजून माझ्याकडे आहे. आता झूम करून बघितला की हसू येतं. शॉकअप खरंच लीक असेल तर तेल वरच्या सीलपासून येतं, जिथे दांडा नळीत शिरतो तिथून, आणि त्यावर धूळ बसून काळपट थर जमतो. फोटोत ओघळ नळीच्या मध्यावरच सुरू होतो, तेल ताजं चकचकीत, आणि वरची धूळ पूर्ण कोरडी. नुसती ओल दिसली म्हणून शॉकअप गेला असंही नसतं. शॉकअप गेले की गाडी खड्ड्यानंतर झोके घेत राहते, टायर चट्ट्याचट्ट्याने झिजतात.

आणखी एक खूण बिलातच होती. शॉकअप आणि लोअर आर्म बदलले तर व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करावीच लागते. माझ्या बिलात तिचा उल्लेख नव्हता, गाडीही सरळ चालत होती. जे खोललंच नाही ते बिघडणार कसं!

खरं काम कळव्यालाच झालं: उजवी लिंक, लोअर आर्मचे बुश आणि अलाइनमेंट. बुशचे बोल्ट त्यांनी गाडी चाकांवर उतरवून खड्ड्यातून आवळले. चाकं लोंबती असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. सगळं मिळून त्या सत्तावीस हजारांच्या पाव हिश्शातही नाही.

फोटो घेऊन पहिल्या गॅरेजमध्ये गेले. सुपरवायझर म्हणाला, ‘मधे दुसऱ्याने हात लावलाय, आमची जबाबदारी नाही.’ कच्च्या बिलावर ना पार्ट नंबर, ना गॅरेजचा शिक्का. त्यांनी वाचवलेला जीएसटी कोणाच्या सोयीचा होता ते तेव्हा कळलं. पैसे मात्र मी यूपीआयने दिले होते, त्यांच्याच दुकानाच्या खात्यात. तेवढा एक पुरावा पक्का. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, तक्रार नोंदवल्यावर त्यांनी ‘गुडविल’ म्हणून आठ हजार परत केले. उरलेल्या पैशांसाठी ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. कळव्याच्या मेकॅनिकनी काय काय जुनं सापडलं ते सहीनिशी लिहून दिलंय. आणि ती गोणी मी जपून ठेवली आहे, आतल्या परक्या लोअर आर्मसकट.