भारत गृह रक्षा: क्लेम करून झाल्यावरचं मत

कंपनीचं नाव सांगत नाही आणि त्याने फारसा फरकही पडत नाही. विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२१ पासून घराच्या विम्याची ही प्रमाणित पॉलिसी आणली, त्यामुळे मूळ मजकूर सगळीकडे तोच. फरक पडतो तो प्रीमियममध्ये आणि नुकसान तपासायला सर्व्हेअर कोण येतो यात. माझी पॉलिसी गृहकर्जाच्या कागदांबरोबर बँकेने गळ्यात मारलेली. तेव्हा चरफडत सही केली होती.

पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. दिवाळीत आम्ही गावी गेलो असताना बाथरूमच्या भिंतीतला पाइप फुटला. वॉचमनचा फोन आला तोवर बेडरूममधलं कपाट तळापासून फुगलं होतं, गादी पाणी पिऊन बसली होती आणि खालच्या काकांच्या फॉल्स सीलिंगमधून धार लागली होती.

आता मुद्द्याचं. पॉलिसीत आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल वगैरे संकटांची यादी असते. त्यात पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप ‘फुटणे किंवा ओसंडणे’ आहे. पाइपची गळती नाही. सर्व्हेअर आला, भिंतीला हात लावला आणि म्हणाला, “साहेब, ही जुनी ओल दिसते.” या एका वाक्यावर माझे दोन महिने गेले. ओल म्हणजे देखभालीचा प्रश्न, म्हणजे खर्च तुमचा. फुटला म्हणजे अपघात, म्हणजे कंपनीचा.

मला वाचवलं एका एल्बोने, म्हणजे पाइपच्या वळणावरच्या जोडाने. प्लंबरने टाइल फोडून सीपीव्हीसीचा (प्लास्टिक पाइपचा) तो तुकडा कापला आणि राडारोड्याच्या पोत्यात फेकला. मी तो परत काढून घेतला. कोपऱ्यावर उभी चीर, नख आत जाईल एवढी, आणि चिरेच्या कडा स्वच्छ. महिनोन्‌महिने झिरपत असता तर तिथे क्षाराचा पांढरा थर बसला असता, हे प्लंबरनेच दाखवलं. त्याच्याकडून बिलावर ‘एल्बो फुटल्याने बदलला’ असं लिहून घेतलं, सोसायटीकडून त्या रात्री वॉल्व्ह बंद केल्याचं पत्र घेतलं आणि एल्बोचे फोटो ईमेलने पाठवले. ज्यांना ज्यांना हे घडतं त्यांना एकच सांगतो: फुटलेला तुकडा फेकू देऊ नका. बाकी सगळं नंतर.

इथपर्यंत लिहिताना माझं मत ‘घेऊ नका’ असंच होतं. पण कंपनीच्या तक्रार कक्षाला सविस्तर पत्र गेल्यावर, आणि त्यात पुढची पायरी विमा लोकपाल (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे) असं लिहिल्यावर, दुसरा सर्व्हेअर आला आणि क्लेम मंजूर झाला. लोकपालांकडे फी लागत नाही, पुण्यात कार्यालय आहे. फक्त आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर वाट बघावी लागते. मला तिथवर जावं लागलं नाही.

मंजूर झाले ८४ हजार. त्यावर राडारोडा हलवायचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १,६८०. टेम्पोवाल्याने ३ हजार घेतले होते, पण हा पैसा मागता येतो हेच मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या सर्व्हेअरने आपणहून विचारलं. बरं वाटलं. राहायला दुसरीकडे जावं लागलं तर भाडंही मिळतं. आम्ही बहिणीकडे राहिलो, त्यामुळे भाडं नाही आणि पावतीही नाही.

गंमत कपाटाची. भिंतीला ठोकलेलं म्हणून ते ‘इमारती’त धरलं, गादी ‘सामाना’त. इमारतीच्या पैशावर कर्ज देणाऱ्या बँकेचा पहिला हक्क असं कलम आमच्या पॉलिसीत होतं. म्हणजे प्लायचे पैसे मिळवायला बँकेच्या शाखेत ना-हरकत पत्रासाठी खेटे.

विमा रक्कम काढायची पद्धत मात्र सरळ आहे, उगाच घाबरू नका. कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर. साडेसातशे चौरस फूट, दर २,५०० धरला तर १८ लाख ७५ हजार. फ्लॅटची बाजारातली किंमत ९० लाख असली तरी जमिनीच्या किमतीचा विमा नसतो. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख, सामानाला आपोआप मिळतात; यादी द्यावी लागत नाही. दागिने त्यात धरू नका, त्यांचा विमा वेगळा मागावा लागतो. आणि फ्रिज स्वतःच शॉर्टसर्किटने जळला तर त्या फ्रिजचे पैसे नाहीत. त्याची आग पसरून पडदे जळले तर पडद्यांचे आहेत.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. काकांच्या सीलिंगचे २२ हजार मी खिशातून दिले. दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी या मूळ पॉलिसीत नाही. न्यू जर्सीतल्या आत्तेभावाच्या होमओनर्स पॉलिसीत घर, सामान, तात्पुरतं राहणं यांच्या जोडीला हे कलम मूळातच असतं. आपल्याकडे शहरांत बरेच जण फ्लॅटमध्ये राहतात, पाणी खालीच जाणार, आणि नेमकं तेच वगळलंय. काकांनी एका शब्दाने बोललं नाही, पण लिफ्टमध्ये काही आठवडे नुसतंच ‘हं’ चालू होतं.

नूतनीकरण करतोय. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये गेला, घराच्या विम्यावर १८ टक्के तसाच आहे, तोही भरतोय. कंपनी बदललीय, ‘पब्लिक लायबिलिटी’, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी, जोडून देणारी शोधली, वर्षाला काहीशे रुपये जास्त. खालच्या काकांनाही तीच पॉलिसी पाठवली, त्यांच्या खाली आणखी दोन मजले आहेत.