लष्करची दगडी भिंत आणि माझी दोन ड्रिल मशिनं: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आधी भिंत सांगते, मग मशीन. आमचं घर ग्वाल्हेरात, लष्करच्या जुन्या वस्तीत. भिंती दीड हात जाड, वाळूच्या दगडाच्या, सांधे चुन्याचे. वर लोखंडी गर्डर आणि त्यांवर दगडी पाट. इथे त्यांना सगळे पटियाच म्हणतात. या भिंतीत खिळा ठोकायला गेलं की खिळा वाकतो आणि अंगठा सुजतो. त्यामुळे बैठकीतला पडदा कित्येक वर्षं सुतळीवर लोंबकळत होता आणि देवघराचं फडताळ जमिनीवर टेकून उभं होतं. मिस्त्री 'कल आता हूँ बहनजी' म्हणून गेला, तो उद्या काही उजाडला नाही. ह्यांची नोकरी बाहेरगावी. गेल्या ऑगस्टमध्ये मी स्वतःच उठले आणि लोहिया बाजारात गेले.

दुकानदाराने तीन डबे पुढे मांडले: 500 वॅट, 600 वॅट, 750 वॅट. मी शाळेत गणित शिकवते, मोठा आकडा बरा म्हणून 750 चं घेतलं. 13 मिलिमीटरचा चक (बिट धरणारा जबडा), किल्लीने आवळायचा, वर हातोडीचं चित्र असलेलं बटण. 2,900 रुपये. चूक तिथेच झाली, कारण दुकानदाराने भिंत कसली आहे ते विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पहिलं भोक पडद्याच्या ब्रॅकेटचं. 8 मिलिमीटरचं बिट, पाच सेंटिमीटर खोल. पहिला सेंटिमीटर पटकन गेला, तो नुसता गिलावा होता. पुढे मशीन किंचाळायला लागलं, बिट जागच्या जागी फिरायला लागलं, भोकातून गव्हाच्या पिठासारखी बारीक धूळ. मी अंग टाकून दाबलं. पाच मिनिटांनी मशिनातून जळक्या वार्निशचा वास. बिट काढून पाहिलं तर टोक निळं पडलेलं आणि त्यावरची कार्बाइडची चकती एका बाजूने उडालेली. भोक दोन सेंटिमीटर. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सुतळी काय वाईट होती गं?"

का झालं ते नंतर कळलं. या साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये ठोका देणारी हातोडी नसतेच. दात असलेल्या दोन चकत्या एकमेकींवर घासत फिरतात, दातावर दात चढला की चक किंचित पुढे-मागे उडतो. मिनिटाला चाळीस हजारांच्या पुढे ठोके, पण एकेक ठोका म्हणजे टिचकी. विटेला आणि सिमेंटच्या गिलाव्याला टिचकी पुरते. दगडाला नाही. वर आपण दाबत राहतो, मोटर हळू फिरते, आणि मोटर थंड ठेवणारा पंखा त्याच दांड्यावर बसवलेला, म्हणजे तोही हळू. मग वास येणारच. आता तापलं की मी बिट बाहेर काढून अर्धा-एक मिनिट मोकळं, पूर्ण वेगात फिरवते. बंद करून ठेवण्यापेक्षा याने लवकर निवतं.

जानेवारीत याच मशिनाच्या मागच्या जाळीतून मोठाल्या ठिणग्या दिसायला लागल्या. वॉरंटी होती, म्हणून सर्व्हिस सेंटरला दिलं. तीन आठवडे ठेवलं आणि कार्बन ब्रश (फिरत्या मोटरला वीज पोचवणारे, घासून झिजणारे कार्बनचे तुकडे) वॉरंटीत बसत नाहीत असं सांगून तसंच परत दिलं. (बसत नाहीत हे खरंय, कार्डावर बारीक अक्षरात छापलेलं होतं. पण ते सांगायला तीन आठवडे?) शेवटी गल्लीच्या तोंडाशी मोटर वाइंडिंग करणाऱ्या मुलाने दहा मिनिटांत दोन्ही ब्रश बदलून दिले. दोन्ही एकदम बदलायचे, एकच नवा घालायचा नाही.

तोवर मी दुसरं मशीन घेऊन बसले होते. दिवाळीनंतर रोटरी हॅमर आणलं, दोन किलोच्या वर्गातलं, 6,300 रुपये. यात आत पिस्टन असतो. तो हवेची गादी दाबतो आणि ती हवा एका लोखंडी ठोकळ्याला पुढे फेकते. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण प्रत्येक ठोका खरा. बिटही वेगळं: एसडीएस-प्लस, 10 मिलिमीटरचा दांडा, त्याला खाचा. किल्ली नाही, ढकललं की खट्‌कन बसतं आणि मागे-पुढे हलतं. मला आधी वाटलं, नीट बसलंच नाही. ते तसंच हलायला हवं. ही पद्धत बॉशने 1975 मध्ये काढली, आता सगळ्याच कंपन्या वापरतात. दांड्याला हरभऱ्याएवढं ग्रीस लावायचं. पहिले दोन महिने हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याच भिंतीत, त्याच मापाचं भोक: वीस-पंचवीस सेकंद. दाबायचंही नाही, नुसतं सरळ धरायचं. मी चार भोकं ओळीने पाडली आणि पाचवं उगाचच पाडलं.

म्हणून वॅटवर जाऊ नका. पेटीवर ज्यूल, म्हणजे एकेका ठोक्याची ताकद, लिहिलेले असतात ते बघा, दोन-अडीच ज्यूल घरच्या दगडाला पुष्कळ झाले. नवीन कॉलनीतल्या विटेच्या घरात राहत असाल तर यातलं काही नको, साधं 500-550 वॅटचं इम्पॅक्ट ड्रिल घ्या आणि उरलेल्या पैशांची चांगली बिटं घ्या. माझ्या धाकट्या दिरांचा फ्लॅट विटेचा, बीम-कॉलम काँक्रीटचे. ते माझं जुनं मशीन नेतात आणि खूश असतात. फक्त बीममध्ये भोक करायची वेळ आली की फोन येतो, "वहिनी, ते मोठं आहे का मोकळं?"

रोटरीचा तोटाही सांगते. जड आहे, शिडीवर चढून डोक्याच्या वर धरलं की दहा मिनिटांत खांदे भरून येतात. लाकडात आणि पत्र्यात उपयोग नाही, बिट हलतं त्यामुळे भोक माप सोडतं. तिथे जुनंच बरं.

जुन्या दगडी भिंतीत काम करणाऱ्यांसाठी थोडं आणखी. भोक दगडात घ्यायचं, सांध्यात नाही. सांध्यातला चुना लोण्यासारखा कापला जातो, आनंद होतो आणि आठवड्याने गुट्टी स्क्रूसकट हातात येते. (गुट्टी म्हणजे रॉल प्लग. पुण्याच्या नणंदबाईंना हा शब्द सांगावा लागतो.) अर्धं सांध्यात, अर्धं दगडात गेलं तर बिट मऊ बाजूला पळतं आणि भोक अंडाकृती होतं. म्हणून गिलावा असेल तर आधी हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा, दगड आणि सांधा वेगळे वाजतात. भोक झाल्यावर सायकलच्या पंपाने आतली भुकटी उडवायची, डोळे मिटून नाही, चष्मा लावून. कूलरच्या स्टँडला लोखंडी फास्टनर लावले तेव्हा दगडाच्या कडेपासून चांगलं चार बोटं आत घेतलं. फास्टनर आत फुगतो, कडेजवळ असला तर दगडाचा कपचाच उडतो.

छताच्या पटियाला मात्र मी मशीन लावलेलं नाही आणि लावणारही नाही. ठोक्यांनी पाट तडकला तर खाली माणसं झोपतात. झोपाळा हवा होता, तो गर्डरला क्लॅम्प आवळून टांगला. गर्डरलाही भोक नाही.

धुळीचं हसण्यावारी नेऊ नका. वाळूचा दगड म्हणजे बहुतेक सगळा क्वार्ट्झ, त्याची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन बसते. दगडाच्या खाणीतल्या मजुरांना सिलिकोसिस होतो तो याच धुळीने. माझी वर्षाची पन्नास-साठ भोकं, पण तरी एन-95 लावते आणि भोकाच्या खाली कागदाचा खिसा चिकटवते. निम्मी धूळ त्यातच पडते.

न्हाणीघराच्या टाइलवर ठोक्याचं बटण चालू राहिलं आणि एक टाइल गेली. त्यावर आता साबणदाणी आहे.

लोखंड कापायला चार इंची ग्राइंडर घेतला आणि दोनदाच वापरला. कूलर स्टँडचा अँगल कापताना चकती अडकली आणि मशीन छातीकडे उसळलं. गार्ड होता म्हणून नुसता घाम फुटला. घेताना दुकानदाराने सल्ला दिला होता, 'गार्ड निकाल दो, काम जल्दी होगा.' मिनिटाला 11,000 फेरे घेणारी चकती आहे ती. चकतीच्या मधल्या कडीवर तारीख छापलेली असते, ती उलटून गेली असेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. घरात ग्राइंडर लागतोच असं मला वाटत नाही. वर्षात दोनदा वेल्डरकडून कापून आणणं परवडतं.

सगळ्यात जास्त हातात असतो तो छोटा कॉर्डलेस, म्हणजे बॅटरीवरचा स्क्रू पिळायचा ड्रायव्हर, 12 व्होल्टचा. कूलरच्या जाळ्या, बिजागऱ्या, पलंग, शाळेच्या नाटकाचा मंडप. खरेदी करताना व्होल्टच्या आकड्यांना भुलू नका: '20 व्होल्ट मॅक्स' आणि 18 व्होल्ट हे एकच, पाच सेल. पूर्ण चार्ज झाल्या झाल्या मोजले तर 20-21, एरवी 18. चकच्या मागची आकडे असलेली कडी लहान आकड्यावर ठेवून सुरुवात करायची, नाहीतर स्क्रूचं डोकं खरवडून निघतं.

याची एकच तक्रार, आणि ती आपल्या गावाच्या हवेची आहे. मे महिना चालू आहे, बाहेर 45. दुपारी गच्चीवर काम करून बॅटरी चार्जरला लावली की लाल दिवा लुकलुकतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. बिघाड नाही. लिथियमची बॅटरी तापलेली असताना चार्जर ती घेतच नाही. फ्रिजमध्ये ठेवायची नाही, आत पाणी सुटतं. मी माठाच्या तिवईखाली फरशीवर कोरडी जागा बघून तासभर ठेवते. आत्ताही तिथेच आहे, आणि मागच्या खिडकीचे दोन स्क्रू राहिलेत.