जुनी आलिशान सेडान रेसट्रॅकवर: आठ महिने आणि सहा ट्रॅक-डे यांनंतरचा अनुभव

बारा वर्षे जुनी, तीन लिटरच्या सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनाची, मागच्या चाकांवर चालणारी आणि सहा गिअरच्या ऑटोमॅटिकची ही आलिशान सेडान मी आठ महिन्यांपूर्वी घेतली, तेव्हा तिच्या मूळ किमतीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी पैसे मोजावे लागले. अशा गाड्यांचे भाव इतके का कोसळतात, यात काही गूढ नाही. गाडी जुनी होते, पण तिचे सुटे भाग नव्या गाडीच्याच हिशेबाने विकले जातात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकाला हे पहिल्याच मोठ्या दुरुस्तीत कळते. रोजच्या वापराबरोबरच अधूनमधून ट्रॅकवर नेता यावी, हा माझा हेतू होता. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेले बहुतेक सगळे या वयाच्या आणि या वजनाच्या कोणत्याही गाडीला लागू पडावे.

वजनाचाच विषय आधी घेतो, कारण बाकीचे सगळे त्यातूनच निघते. चालकासकट माझी गाडी साधारण १,८५० किलो भरते. ट्रॅकवरच्या सर्वांत लांब सरळ पट्ट्यावर ती ताशी १८० किलोमीटरपर्यंत जाते आणि पुढच्या वळणासाठी तिला ८० वर आणावे लागते. या एका ब्रेकिंगमध्ये साधारण १८.५ लाख ज्यूल ऊर्जेची वाट लावायची असते. म्हणजे साडेपाच लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणण्याइतकी उष्णता, तीही अवघ्या चार-पाच सेकंदांत. हवेचा आणि टायरचा अडथळा त्यातला थोडा वाटा उचलतो, बाकी सगळी उष्णता डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी) आणि तिला दाबून धरणाऱ्या पॅडमध्ये जाते. एका लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीत, असे तीन जोरदार ब्रेक येतात. रस्त्यावर असा ब्रेक वर्षातून एखाद्या वेळी लागतो आणि नंतर डिस्क थंड व्हायला हवा तेवढा वेळ मिळतो. ट्रॅकवर तो मिळत नाही.

पहिल्या ट्रॅक-डेला, म्हणजे आपली गाडी रेसट्रॅकवर चालवू देतात त्या दिवशी, मी गाडी होती तशीच नेली. चौथ्या लॅपमध्ये पेडल नेहमीपेक्षा दोन बोटे खाली गेले, पाचव्यात जवळपास तळाला टेकले, आणि मी दोनदा पंप मारून कशीबशी गाडी वळणात घातली. येथे एक फरक ओळखता यायला हवा. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, असे झाले तर पॅड तापून निकामी झालेले असतात. पेडलच मऊ होऊन खाली जाऊ लागले, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. माझा प्रकार दुसरा होता. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषत राहते आणि ३.७ टक्के पाणी मुरले की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. आधीच्या मालकाने ते शेवटचे कधी बदलले होते याची नोंद नव्हती, आणि बाहेर काढले तेव्हा त्याचा रंग काळ्या चहासारखा होता. चूक माझीच. ट्रॅकवर नेण्याआधी हे सर्वांत स्वस्त काम करायचे मी टाळले होते.

त्याच दिवशी दुसरी चूक गाडीने माझ्या वतीने केली. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, येऊन इंजिन बंद करताच या गाडीचा इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक आपोआप लागतो. डिस्क लालबुंद तापलेली असताना पॅड तिच्यावर दाबून धरले की पॅडचा थर डिस्कवर चिकटतो, आणि मग पुढचे कित्येक दिवस स्टिअरिंग किंवा पेडल थरथरत राहते. लोक याला ‘डिस्क वाकली’ म्हणतात; बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिच्यावर पॅडचा थर असमान बसलेला असतो. आता मी शेवटची लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता पूर्ण करतो, पिटमध्ये इंजिन चालू ठेवूनच चाकाखाली लाकडी ठोकळा लावतो आणि ती आपोआप ब्रेक लावण्याची सोय मेनूमध्ये जाऊन बंद ठेवतो. ही सोय मेनूच्या चौथ्या पायरीवर दडवलेली आहे, हे आलिशान गाड्यांच्या स्वभावाला धरूनच आहे.

त्यानंतर जास्त तापमान सोसणारे पॅड, चांगल्या दर्जाचे ब्रेक ऑइल आणि नव्या पुढच्या डिस्क, एवढा खर्च केला. पेडलची तक्रार तिथेच संपली. तिसऱ्या ट्रॅक-डेनंतर मात्र चाके काढली तेव्हा मागचे पॅड पुढच्यांच्या आधी संपलेले आढळले, आणि हे मला अजिबात अपेक्षित नव्हते, कारण ब्रेकिंगचा मोठा भार पुढच्या चाकांवर येतो. कारण होते स्टॅबिलिटी कंट्रोल. मर्सिडीझ आणि बॉश यांनी १९९५ मध्ये बाजारात आणलेली ही यंत्रणा गाडी घसरू लागली की एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावते. माझ्या घाईमुळे ती प्रत्येक वळणातून बाहेर पडताना मागची चाके धरत होती आणि मला त्याचा पत्ताही लागत नव्हता. ती बंद करण्याचा सल्ला मी नवख्याला देणार नाही. डॅशबोर्डवरचा तिचा दिवा किती वेळा लुकलुकतो हे शेजारी बसणाऱ्याने मोजावे; आमच्या प्रशिक्षकांनी नेमके तेच केले. पहिल्या लॅपला अकरा झाले. “ॲक्सिलरेटर उशिरा द्या, पण एकदा दिला की मागे घेऊ नका,” एवढेच ते म्हणाले. दिवसाअखेर आकडा तीनवर आला आणि लॅपचा वेळ जवळजवळ चार सेकंदांनी उतरला, एकही नवा भाग न लावता.

येथेच या गाडीची खरी उपयुक्तता आहे असे माझे मत आहे. हलक्या, कडक सस्पेन्शनच्या गाडीत चूक झाली तरी ती क्षणात निस्तरते आणि चालकाच्या ती लक्षातही येत नाही. इथे वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जायला चांगला वेळ लागतो, बोनेट आधी खाली झुकते, मग कलते, मग टायर बोलू लागतो. ब्रेक झटक्याने सोडला की पुढचा भाग वर उचलला जातो आणि गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ पाहते. ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरायचे म्हणजे काय, हे मला ऐकून कधी समजले नव्हते, ते या गाडीच्या डुलण्यातून समजले.

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात सांगतो. चौथ्या ट्रॅक-डेला भर उन्हात तिसऱ्या सेशनच्या (ट्रॅकवर सलग चालवण्याच्या सत्राच्या) मध्यावर ‘गिअरबॉक्सचे तापमान जास्त’ असा संदेश आला आणि गाडीने ताकद कमी करून टाकली. इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडे पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर सतत काम करत राहिला की ते ऑइल तापते, आणि माझ्या गाडीतले ते ऑइल आयुष्यभर बदलायची गरज नाही, या समजुतीने बारा वर्षे तसेच राहिले होते. ऑइल व फिल्टर बदलले, सेशन वीस मिनिटांऐवजी बारा मिनिटांचे केले, आणि संदेश पुन्हा आला नाही. कूलंटची प्लास्टिकची टाकी आणि होजपाइप मी खरेदीनंतर लगेच बदलून घेतले होते, कारण या वयात प्लास्टिक ठिसूळ होते. इंजिन ऑइलची पातळी मोजायला दांडी नाही, फक्त पडद्यावरची रेघ आहे, आणि तीही इंजिन गरम झाल्यावरच दिसते. ती प्रत्येक सेशनआधी पाहावी, आणि पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये. लांब वळणात पेट्रोल एका कडेला जाते आणि इंजिन अडखळते. पेट्रोलच्या खर्चाचा अंदाज हवा असल्यास, हायवेवर लिटरला अकरा किलोमीटर जाणारी ही गाडी ट्रॅकवर तीनही धड जात नाही.

टायर सकाळी ३२ पीएसआयवर भरले, तर सेशनअखेर ३८ च्या आसपास सापडतात. म्हणून मी थंड असतानाच हवा थोडी कमी ठेवतो आणि घरी निघताना पुन्हा भरतो. गाडी कलते तेव्हा भार टायरच्या बाहेरच्या कडेवर येतो, त्यामुळे पुढच्या दोन टायरांच्या कडा पाच महिन्यांत गुळगुळीत झाल्या, आतली नक्षी मात्र जवळपास नवी आहे. सीट सोफ्यासारखी आहे, ही रस्त्यावर स्तुती आणि ट्रॅकवर तक्रार. तिचे चामडे घसरते, शरीर आवरायला गुडघा दाराला टेकवून धरावा लागतो, आणि पहिल्या दोन खेपांनंतर तो निळा पडला होता. एकदा वळणात कोपर लागून पाठीचा मसाज सुरू झाला, आणि तो बंद करायला सबंध सरळ पट्टा खर्ची पडला.

अमेरिकेत २००६ पासून भरणाऱ्या ‘२४ अवर्स ऑफ लेमन्स’ या स्वस्त गाड्यांच्या स्पर्धेत गाडीसाठी ५०० डॉलरची मर्यादा आहे, पण ब्रेक, टायर आणि सुरक्षेचे साहित्य त्या हिशेबात धरले जात नाही. माझ्या वहीतही तेच दिसते. गाडीच्या खरेदी किमतीच्या साधारण एक तृतीयांश रक्कम आठ महिन्यांत ब्रेक, टायर आणि वेगवेगळ्या ऑइलवर गेली, आणि इंजिनाची ताकद वाढवण्यावर काहीही नाही. विम्याच्या पॉलिसीत ट्रॅकवरचे नुकसान स्पष्ट शब्दांत वगळलेले आहे, तेव्हा गाडी भिंतीवर गेली तर ती गेलीच, असे धरून चालावे लागते. हे मान्य नसेल त्याने ही गाडी फक्त रस्त्यावरच चालवावी.

सध्या पुढच्या लोअर आर्मच्या (सस्पेन्शनच्या खालच्या दांड्यांच्या) रबरी बुशांचा टकटक आवाज येतो आहे आणि मागच्या डिस्क बदलायच्या आल्या आहेत. ही दोन्ही कामे झाल्याशिवाय सातव्या ट्रॅक-डेचे नाव नोंदवणार नाही. गुडघ्यासाठी दाराला स्पंजचा जाड तुकडा मात्र आताच चिकटवून ठेवला आहे.