जुनं जम्बो आतून पाहायचंय: पॅरिसजवळचं ल बूर्जे की जर्मनीतलं श्पायर?

युरोपच्या सहलीत एकच दिवस मोकळा मिळणार असेल आणि पहिल्या पिढीचं बोइंग ७४७ डोळे भरून बघायचं असेल, तर बहुतेकांची निवड या दोन संग्रहालयांत अडते. माझं मत आधीच सांगते: विमान कसं बांधलंय हे बघायचं असेल तर श्पायर. ते केवढं मोठं आहे हे अनुभवायचं असेल तर ल बूर्जे.

ल बूर्जेचं विमान एअर फ्रान्सचं, ७४७-१०० मालिकेतलं, १९७३ मध्ये सेवेत आलेलं. ते जमिनीवर, स्वतःच्या चाकांवर उभं आहे, आणि हाच त्याचा मोठा गुण. पोटाखालची सोळा चाकं आणि नाकाखालची दोन, अशी अठरा चाकं मोजत इंजिनापाशी या. पुढच्या पंख्याचा व्यास सव्वादोन मीटरहून जास्त आहे. उंच माणूसही त्यापुढे ठेंगणा वाटतो. हे इंजिन विमानाइतकंच नवं होतं. ९ फेब्रुवारी १९६९ ला ७४७ पहिल्यांदा उडालं आणि जानेवारी १९७० मध्ये पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीने न्यूयॉर्क-लंडन सेवा सुरू केली, तेव्हा इंजिनांनीच सगळ्यात जास्त त्रास दिला. त्याच आवारात एअरबसचं दुमजली ए३८० उभं आहे, आत आवाजापेक्षा वेगाने उडणारी दोन कॉन्कॉर्ड प्रवासी विमानं आहेत. एवढं सगळं एका ठिकाणी श्पायरला मिळत नाही. सोमवारी संग्रहालय बंद असतं, आणि विषम वर्षी जूनमध्ये तिथे विमान प्रदर्शन भरतं, तेव्हा आधी चौकशी करूनच निघा.

श्पायरची गोष्ट वेगळी. हे जर्मनीच्या लुफ्तान्सा कंपनीचं 'श्लेस्विग-होल्स्टाइन' नावाचं विमान, ७४७-२०० मालिकेतलं. सुटं करून ऱ्हाइन नदीतून तराफ्यावर आणलं आणि जमिनीपासून सुमारे २० मीटर उंचीवर खांबांवर चढवलं. जिने चढून आत जायचं. आतलं अस्तर बऱ्याच ठिकाणी काढलेलं आहे, त्यामुळे सांगाड्याच्या कड्या आणि वायरींचे जुडगे उघडे दिसतात. खालच्या सामानाच्या कप्प्यातही उतरता येतं. आणि मग पंख! कठड्याच्या आतून थेट डाव्या पंखावर चालत जाता येतं. खिडकीतून इतकी वर्षं जे नुसतं हलताना पाहिलं, त्याची रुंदी पायाखाली आल्यावरच उमगते. विमान थोडं कललेलं ठेवलंय, त्यामुळे आत चालताना काहींना गरगरतं. गुडघे दुखत असतील तर वर जाण्याचा हट्ट नको. मुलं मात्र परत यायला तयार होत नाहीत. खाली यायला भलीमोठी घसरगुंडी आहे.

मुंबईकरांसाठी श्पायरला आणखी एक कारण आहे. एअर इंडियाचं पहिलं जम्बो, १९७१ मध्ये आलेलं 'सम्राट अशोक', याच २०० मालिकेतलं. खिडक्यांभोवती राजस्थानी झरोक्यांची नक्षी रंगवलेलं ते विमान १ जानेवारी १९७८ च्या रात्री वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं आणि २१३ जणांचा जीव गेला. ज्यांच्या घरात त्या रात्रीची आठवण निघते, त्यांनी ते विमान आतून कसं होतं हे श्पायरला जाऊन जरूर बघावं.

जाण्यायेण्याचं म्हणाल तर ग्रुप टूरवाल्यांना ल बूर्जेच सोपं. पॅरिसचा मुक्काम बहुतेक टूरमध्ये असतोच. पण हायडेलबर्ग, मानहाइम किंवा वॉलडॉर्फकडे मुलगा-सून राहत असतील तर श्पायर अगदी हाकेच्या अंतरावर. तिथलं सोव्हिएत अवकाशयान 'बुरान'चं चाचणीसाठी बांधलेलं विमान आणि चालत जाण्याजोगं जुनं कॅथेड्रल धरून पूर्ण दिवस सहज जातो. कॉन्कॉर्डची हौस राहिली तर जवळच्या झिन्सहाइमला ते आहे, शेजारी त्याच जातीचं सोव्हिएत टीयू-१४४ सुद्धा.

नेदरलँड्समध्ये लेलिस्टाडलाही केएलएमचं ७४७ आहे. पण त्याचा वरचा मजला नंतर लांबवलेला आहे, त्यामुळे नाकाकडच्या वरच्या मजल्याचं मूळचं आखूड कुबड तिथे दिसत नाही. जुनं जम्बोच बघायचं असेल तर तिथवर जाऊ नका.