आंबे-हातवीजच्या पठारावरचा बाळहिरडा: वर्षभर वापरल्यानंतर

शाळेत रोज सहा तास बोलावं लागतं. घसा बसू नये म्हणून गालात बाळहिरड्याचा, म्हणजे हिरड्याच्या वाळवलेल्या कोवळ्या फळाचा, तुकडा धरायचा, ही सवय आईची. गेल्या मे महिन्यात जुन्नरच्या पश्चिमेला, आंबे-हातवीजच्या पठारावर एका महादेव कोळी कुटुंबाकडून किलोभर घेतला, अडीचशे रुपयांना. त्याआधी शहरातल्या एका दुकानातलं पाकीट आणायचे. त्यात निम्मे दाणे पोकळ असायचे, काहींना बुरशीचा वास यायचा आणि बरेचसे फोडले की आत बी निघायची. बी धरलेलं फळ बाळहिरडा नव्हेच.

हा माल वेगळा आहे. दाणा लहान, काळा, सुरकुतलेला. खलबत्त्यात फोडला तर आतूनही काळा, तुकतुकीत. बी नाही. तोंडात टाकल्यावर आधी जीभ आखडते इतका तुरट, आणि वरून पाणी प्यायलं की ते गोड लागतं. वर्ष झालं, डब्यात कीड नाही. माझ्या घशाला आराम पडतो. (पोटुशी बाईला हिरडा देत नाहीत, म्हणून भाचीला मी दिला नाही.)

माल इतका चांगला का, ते तिथे गेल्यावर कळलं. घरातल्या मावशींनी झाडं दाखवली. घाटमाथ्यावर पाऊस धो धो कोसळतो, पण हिरडा उभा असतो तो उतारावर आणि बांधावर, जिथे पाणी थांबत नाही. उघड्या कातळावर मातीच नाही, तिथे तो नाही. गर्द राईच्या आतही दिसला नाही. राईच्या कडेला, मोकळ्या उन्हात मात्र चांगला डेरेदार. मावशी म्हणाल्या, “बाई, त्याला ऊन अंगावर लागतं. पाऊस कितीबी पडू द्या, पण पायाशी तुंबाया नको.” याच तालुक्यात पूर्वेला बेल्ह्याकडे उतरलं की पाऊस आटतो, आणि असा हिरडा बघायला मिळत नाही.

माणसाचा हातही यात आहे. भात-नाचणीच्या राबासाठी, म्हणजे रोपं टाकायची जागा भाजायला, इतर झाडांच्या फांद्या तोडतात, हिरड्याला कोयता लावत नाहीत. उन्हाळ्यातला रोख पैसा त्याच्यावरच येतो. म्हणून बांधावर जुनी, दांडगी झाडं टिकली. पण त्यांच्याखाली कोवळं रोप मला शोधूनही सापडलं नाही, आणि ते माझ्या मनातून जात नाही. बाळहिरडा म्हणजे बी धरायच्या आधी उतरवलेलं फळ. सगळं झाड झोडपलं तर बी पडणार कुठून? जे थोडं रुजतं ते गुरं खातात, नाहीतर वणव्यात जातं. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात जुन्नर-आंबेगावातले कितीतरी मोठे हिरडे मुळासकट आडवे झाले. त्यांच्या जागी नवं झाड उभं राहायला माणसाचं अर्धं आयुष्य जाईल. या घरातले लोक शेंड्याकडच्या फांद्या सोडून देतात, ती फळं झाडावरच पिकतात. मी पुन्हा इथूनच घेणार, त्याचं मोठं कारण हे.

आता उणिवा. सगळ्या दाण्यांना एकसारखा वास नाही. मे महिन्यात अवकाळी पाऊस आला तेव्हा खळ्यावर पसरलेला माल उचलून चुलीवरच्या माळ्यावर वाळवावा लागला, म्हणून पाव किलोभर दाण्यांना धुराचा वास आहे. त्यांनी तो आधीच सांगून वेगळ्या पुडीत बांधून दिला आणि त्याचे पैसे कमी घेतले. देठं बरीच राहिली होती, निवडायला माझा तासभर गेला. पिशवीवर ना तारीख ना काही; मी घरी येऊन चिठ्ठी चिकटवली. कुरियरची सोय नाही, स्वतः जावं लागतं.

दळलेली पूड मागू नका, ते देत नाहीत, आणि बरंच आहे: पुडीत बी दळलीय का हे कोणाला कळणार?

यंदासाठी दोन किलो सांगून ठेवायला फोन केला. मावशींनी शब्द दिला नाही. मोहोर चांगला आहे म्हणाल्या, पण गारा पडल्या तर सगळं खाली. “एप्रिल सरता सरता फोन करा बाई, तवा सांगते.”