मिलफर्ड साउंड : आठ महिन्यांत तीन फेऱ्या

नवऱ्याच्या नोकरीमुळे जानेवारीत न्यूझीलंडमधल्या क्वीन्सटाउनला राहायला आलो. तेव्हापासून मिलफर्ड साउंड या खाडीची बस आणि बोटीची एका दिवसाची सहल माझी तीनदा झाली. फेब्रुवारीत मैत्रिणीबरोबर, एप्रिलमध्ये आई-बाबांबरोबर आणि ऑगस्टमध्ये आम्ही दोघंच. पहिल्याच फेरीनंतर लिहायला बसले असते तर ‘ऊन बघूनच तिकीट काढा’ असं ठणकावून सांगितलं असतं. आता नेमकं उलट सांगणार आहे.

आधी बसचं. नकाशावर मिलफर्ड क्वीन्सटाउनच्या शेजारी दिसतं, पण मधे डोंगर आडवे. म्हणून रस्ता आधी दक्षिणेला किंग्स्टनपर्यंत जातो, मग मॉसबर्नवरून ‘ते आनाऊ’ नावाच्या गावी आणि तिथून परत उत्तरेला. एका बाजूचे २९० किलोमीटर. सकाळी सातला निघून रात्री आठला घरी, आणि त्यात बोटीवर जेमतेम पावणेदोन तास! आईला बस लागते. वाकाटिपू तळ्याकाठची वळणं संपेपर्यंत तिने आवळासुपारीची अख्खी डबी रिकामी केली. जाताना हे तळं उजवीकडे आणि ते आनाऊ सोडल्यावरची मजा डावीकडे, त्यामुळे एकच खिडकी धरून बसण्यात अर्थ नाही. काचेच्या छताची बस मिळाली तर मात्र जरूर घ्या. एग्लिंटन खोऱ्यानंतर कडे इतके अंगावर येतात की बाजूच्या खिडकीतून त्यांचा माथा दिसतच नाही.

मग होमर बोगदा. मंदीच्या काळात बेकारांना काम म्हणून १९३५ मध्ये कुदळ-फावड्यांनी खणायला घेतला, वाहनांना खुला व्हायला १९५४ उजाडलं. सव्वा किलोमीटर लांब, आत चांगलाच उतार. सिग्नलला थांबलो तर एक किया पोपट शेजारच्या गाडीच्या दाराचं रबर शांतपणे सोलत बसला होता. मालक आतून काचेवर टकटक करतोय, आणि हा त्याच्याकडे मान तिरकी करून बघतोय.

आता पाऊस. फेब्रुवारीत आकाश लख्ख निळं होतं, मायटर शिखराचं प्रतिबिंब पाण्यात, फोटो झकास आले. पण कोरड्या दिवशी खाडीत मोठे धबधबे दोनच, बोवेन आणि स्टर्लिंग. एप्रिलमध्ये रात्रभर पाऊस कोसळला होता आणि मी तिकिटं रद्द करायच्या बेतात होते. बाबा सावंतवाडीचे. बसमध्ये खिडकीला नाक लावून म्हणाले, “ह्यां आमच्या आंबोलीत फुकट बघूक गावता.” बोगद्यातून बाहेर पडलो आणि गप्पच झाले. समोरच्या प्रत्येक कड्यावरून पाणी सुटलं होतं, मोजायचा प्रश्नच नाही. काही धारा वाऱ्याने उलट वर उडत होत्या, निम्म्यातच धूर होऊन विरत होत्या. इथे वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाचा दिवस हा काही अपवाद नव्हे.

नाव साउंड (म्हणजे समुद्राने बुडवलेली नदीची दरी) असलं तरी ही खाडी हिमनदीने कोरलेली, म्हणजे खरा फ्योर्डच. कड्यांवर माती नावालाच, त्यामुळे पडलेलं पाणी लगेच खाली येतं. जंगलातला पाचोळा धुऊन आलेलं हे गोडं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं आणि खाऱ्या पाण्यावर थर धरून तरंगतं. त्याने ऊन अडतं. म्हणून एरवी खोल समुद्रात वाढणारं काळं पोवळं इथे दहा-बारा मीटरवरही सापडतं. बोट दीडशे मीटर उंचीच्या स्टर्लिंगच्या पार पायथ्याशी नेतात. बाबांनी टोपी काढून डोकं पुढे केलं. आई आत, चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून.

तक्रारी आहेतच. ज्या कंपनीकडून एप्रिलची सहल घेतली, तिच्याकडे शाकाहारी जेवण आगाऊ सांगितलं होतं. डब्यात निघाली चिकन रॅप. आईच्या दशम्या आणि लसणीच्या चटणीने निभावलं. जुलैमध्ये त्याच कंपनीचं पुन्हा बुकिंग होतं, हिमकडे कोसळायच्या भीतीने रस्ता बंद झाला. त्यात त्यांचा दोष नाही, पण पैसे परत यायला पाच आठवडे आणि चार ईमेल लागले. हिवाळ्यात येणार असाल तर हाताशी एक जादा दिवस ठेवाच.

आणि सँडफ्लाय. दिसायला चिलटासारखी, पण चावा आठवडाभर खाजतो. माओरी कथेत हिने-नुई-ते-पो देवीने ही मुद्दाम सोडली, म्हणजे माणसं इथे मुक्काम ठोकणार नाहीत. बोट चालू असली की त्रास नाही, धक्क्यावर थांबलात की धाड. पायमोजे घाला.

ऑगस्टमध्ये आदल्या रात्री ते आनाऊला राहिलो आणि बस तिथूनच धरली. १२० किलोमीटर, अंग शाबूत, संध्याकाळी तळ्याकाठी फिरायलाही त्राण उरलं. डिसेंबरात सासू-सासरे येतायत, त्यांचं बुकिंग तसंच केलंय. सासूबाई फोनवर रोज विचारतात, त्या दिवशी पाऊस नसेल ना गं?