कम्युनिटी नॅरोबोट : उन्हाळाभर वापरल्यानंतर

मिल्टन कीन्सच्या भागात ग्रँड युनियन कॅनॉलवर एका धर्मादाय संस्थेची ही बोट आहे. आम्ही मराठी मंडळी एप्रिलपासून ती घेतोय, कधी दिवसभरासाठी, कधी मुक्कामाला. गटासाठी घ्यावी का? जरूर घ्या. पण बारा जण झोपू शकतात म्हणून बारा जण नेऊ नका. मुक्कामाला आठ-नऊच बरे.

अडचण रुंदीची. इंग्लंडमधली जुनी अरुंद लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे दरवाजांचे हौद) जेमतेम सात फुटांची, त्यांत मावावी म्हणून नॅरोबोट 6 फूट 10 इंचांची. लांबी सत्तर फूट असली तरी आत समोरून कोणी आलं की एकाला बंकवर टेकावंच लागतं. वरच्या बंकसाठी मुलांची भांडणं होतात, मोठ्यांना तिथे नीट कूस बदलता येत नाही. जेवणाचं टेबल खाली घेऊन गाद्या टाकल्या की डबल बेड होतो, पण तिथली माणसं उठेपर्यंत बाकीच्यांचा चहा उभ्यानेच.

या बोटीचं खरं वैभव म्हणजे पुढच्या डेकवरची लिफ्ट. आमच्यातल्या एकाच्या आई व्हीलचेअरवर असतात. काठावरून खुर्ची थेट लिफ्टवर घेतली, चाकं अडकवली, बटण दाबलं आणि काकू सावकाश आत उतरल्या. कोणी उचललं नाही, कोणी हात धरला नाही. टॉयलेटचं दारही रुंद आहे, आत खुर्ची वळते. कॉसग्रोव्हचा लोखंडी जलसेतू 1811 सालचा. त्यावरून जाताना खाली ग्रेट ऊझ नदी दिसली तेव्हा काकू म्हणाल्या, "अगं बाई, नदीवरून होडी!" एवढ्यासाठी मी ही बोट पुन्हा पुन्हा घेईन.

स्वयंपाकघर छोटं पण कामाचं. गॅसवर कुकर छान होतो. मिक्सर आणि इलेक्ट्रिक किटली घरीच ठेवा, बॅटऱ्यांना तो भार झेपत नाही. चटण्या, वाटणं करूनच न्या. फोडणीचा ठसका टोकापर्यंत जातो, तेव्हा खिडक्या उघडा. थंडी वाजली तरी हवेच्या जाळ्या मात्र कधीच बुजवू नका. बंद बोटीत कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेतू शकतो.

पाण्याचं गणित आधी समजून घ्या. इंजिन चालतं तेव्हा पाणी तापतं, आणि रात्री 8 ते सकाळी 8 इतर बोटींजवळ इंजिन चालवायचं नसतं. म्हणून आंघोळी संध्याकाळी, बोट बांधायच्या सुमारास उरकायच्या. रोज टाकी भरायची. नळ मंद असेल तर तासभर जातो. टॉयलेटची टाकी बोटयार्डात पैसे देऊन उपसून घ्यावी लागते. मुलांना आधीच बजावा, आत वाइप्स टाकायचे नाहीत.

ज्येष्ठ मंडळी असतील तर हाच पट्टा निवडा. फेनी स्ट्रॅटफर्डच्या लॉकमध्ये पाणी जेमतेम फूटभर चढतं-उतरतं, तिथून कॉसग्रोव्हपर्यंत एकही लॉक नाही. तरुण असतील तर पुढे स्टोक ब्रुअर्नची सात लॉक चढा, हात भरून येतील. नंतर ब्लिसवर्थचा 2.8 किलोमीटरचा बोगदा. वरून पाणी टपकतं, टिलर म्हणजे सुकाणूचा दांडा, तो धरणाऱ्याला रेनकोट हवाच.

गाद्या पातळ आहेत, संस्थेने त्या बदलायला हव्यात. टिलर आणि लॉक कसं हाताळायचं ते मात्र त्यांच्या स्वयंसेवकांनी आमच्यातल्या दोघांना फार मनापासून शिकवलं. शाळेच्या सुट्टीतले शनिवार-रविवार लवकर भरतात. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी कॅनॉल ठिकठिकाणी बंद असतो, तेव्हा मे किंवा सप्टेंबर धरा.